श्वास २०: वॉर्डातला पेशंट सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी शिकायचं कुठे?

वॉर्डातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी फिजिशियन आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ४० खाटांच्या खाजगी रुग्णालयात सतरा वर्षं काम करतोय. यंदा माझ्या नोंदणीचं नूतनीकरण आलंय. डॉक्टर नसलेल्यांसाठी सांगतो: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण झाल्याची प्रमाणपत्रं जोडावी लागतात. आम्ही त्याला सीएमई म्हणतो. व्याख्यानं, परिषदा, कार्यशाळा, असं सगळं त्यात येतं.

परवा रात्री प्रमाणपत्रांची फाईल घेऊन बसलो. तास भरपूर होते, ३० च्या वर. हृदय कमकुवत झाल्यावरची नवी औषधं, मधुमेहाच्या नव्या गोळ्या, फॅटी लिव्हर, थायरॉईड, हाडांचा ठिसूळपणा. व्याख्यानं चांगली होती, बोलणारे लोक अभ्यासू होते. पण एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. ती सगळी व्याख्यानं ओपीडीत येणाऱ्या, आपल्या पायांनी चालत घरी जाणाऱ्या पेशंटविषयी होती. खाटेवर पडलेला पेशंट पुढच्या सहा तासांत बिघडणार आहे हे कसं ओळखायचं, ड्यूटी बदलताना काय सांगायचं, रात्री फोनवरून ऑर्डर देताना काय विचारायचं, यावर पाच वर्षांत एक तासही नाही. आणि माझा निम्मा दिवस वॉर्डात जातो.

हे आत्ताच का खुपलं, ते सांगतो.

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. (ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत.) अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी, जुना मधुमेह, लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप म्हणून दुपारी भरती झाल्या. चारच्या राउंडला चार्टवर नोंद होती: ताप १०१.४, नाडी १०८, बीपी १०८/७०, ऑक्सिजन ९५, श्वास मिनिटाला २०. मावशी बोलत होत्या, चहा मागत होत्या. मी लघवीचं कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) पाठवायला सांगितलं, अँटिबायोटिक लिहिलं, सलाईन लिहिलं आणि खाली ओपीडीत गेलो. अँटिबायोटिक मेडिकलमधून आणणं, टेस्ट डोस, वाट बघणं यात पहिला डोस जायला साडेसात वाजले.

रात्री अकराला आरएमओचा, म्हणजे वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरचा, फोन आला, ‘सर, पेशंट चिडचिड करतेय, सलाईन ओढतेय.’ गेलो. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, आई दुपारपासनं धापा टाकल्यासारखं करतेय. मी दोनदा सांगितलं.’ मी उशाशी बसलो, घड्याळ लावलं आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजलं. ३२. मग चार्ट घेतला. चार वाजता २०, सहा वाजता २०, आठ वाजता २०, दहा वाजता २०.

त्याच रात्री वॉर्डातले सगळे चार्ट चाळले. चौदा पेशंट होते. तेरा जणांचा श्वास २०. चौदावा न्यूमोनियाचा, त्याचा २२.

मावशींना रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. अकरा दिवस आयसीयू, दोनदा डायलिसिस, आणि घरी आल्या. मागच्या महिन्यात पेढे घेऊन भेटायला आल्या होत्या. तो पेढा मला खाववला नाही.

मला त्या सिस्टरना दोष द्यायचा नाही. ते २० मीही चार वाजता वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. सतरा वर्षं ते २० वाचतोय. माझ्या ३० तासांतला एक तास जरी या आकड्यावर खर्ची पडला असता तर?

म्हणून विचारतोय. आपण सगळे वॉर्डातलं काम नक्की कुठे शिकतो? तुमच्याकडे काय चालतं?

---

अनघा_ठाणे

डॉक्टर, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. मी डॉक्टर नाही. दोन वर्षांपूर्वी वडील नऊ दिवस ॲडमिट होते, रोज त्यांच्या चार्टवर हा आकडा बघायचे. २० च असायचा. मला वाटायचं, स्थिर आहे, चांगलं आहे. तो मोजलेलाच नसू शकतो हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

श्वासाचा आकडा इतका महत्त्वाचा का असतो, हे साध्या भाषेत सांगाल का कुणी?

---

लीड्सकर

अनघाताई, प्रयत्न करतो. मी मिरजेचा, आता इंग्लंडात यॉर्कशरमध्ये ॲक्यूट मेडिसिनला आहे. म्हणजे दिवसभर वॉर्डच.

शरीरात जंतुसंसर्ग पसरायला लागला की रक्तात आम्ल साठतं. ते बाहेर टाकायला शरीर आधी श्वास वाढवतं. बीपी पडतं ते पुष्कळ उशिरा. त्यामुळे श्वासाचा वेग ही सर्वांत आधी वाजणारी घंटा असते, आणि साध्या वॉर्डातलं यंत्र ती बहुधा आपोआप देत नाही. नाडी, ऑक्सिजन, बीपी मशीनवर दिसतात. श्वास तिथे माणसानेच बसून मोजावा लागतो, म्हणून तोच सुटतो.

इथे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची गुणपद्धत आणली, २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, बीपी, नाडी, पेशंट शुद्धीवर आहे का आणि ताप, या सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरने लगेच येऊन बघायचं, ७ झाली की तातडीची टीम.

धागाकर्त्या डॉक्टरांनी दिलेले चार वाजताचे आकडे मी त्यात घातले. ताप १०१.४ ला १, नाडी १०८ ला १, वरचं बीपी १०८ ला १, ऑक्सिजन ९५ ला १. श्वास २० ला शून्य. बेरीज ४. म्हणजे ‘लक्ष ठेवा’.

आता श्वास २० च्या जागी २५ धरा, ३२ सुद्धा नको. २५ पासून पुढे ३ गुण. बेरीज ७.

तेव्हा खरा श्वास किती होता ते आता कुणालाच कळणार नाही. पण मुलगा दुपारपासून धाप म्हणत होता. एका न मोजलेल्या आकड्याने ४ आणि ७ मधला फरक झाकला गेला असेल, तर डॉक्टर, तुम्ही अँटिबायोटिक निवडण्यात चुकला नाहीत. तुम्हाला माहितीच चुकीची मिळाली.

---

वॉर्डातला (धागाकर्ता)

लीड्सकर, मी ही बेरीज कधी केली नव्हती. आत्ता कागदावर केली. ४ आणि ७.

हे पान छापून नर्सिंग स्टेशनला लावतो.

---

रातपाळी

मी स्टाफ नर्स आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली जास्त रात्रपाळीची. वरचं वाचून रात्रभर डोक्यात होतं, म्हणून लिहितेय.

२० का लिहिलं जातं ते मी सांगते. मीही लिहिलंय.

रात्री एका सिस्टरकडे कधी अठरा, कधी पंचवीस पेशंट असतात. दहाच्या ठोक्याला औषधं, इंजेक्शनं, सलाईन बदलणं, एखादं नवीन ॲडमिशन, एखादा नातेवाईक भांडायला उभा. प्रत्येकाचा श्वास अर्धा मिनिट मोजायचा म्हटला तर पंचवीस पेशंटचे साडेबारा मिनिटं नुसते त्यालाच. ते काढता येतात, नाही असं नाही. पण बावीस वर्षांत एकाही डॉक्टरने मला ‘सिस्टर, श्वास किती?’ असं विचारलेलं नाही. बीपी विचारतात, शुगर विचारतात, लघवी किती झाली विचारतात. ज्याची कुणी विचारणाच करत नाही, ते मोजायचं हातून सुटतंच. कामचुकारपणा म्हणून सोडून देऊ नका, नीट बघा: चार्ट कुणी वाचतंय असं वाटलं तर माणूस खरं लिहितो.

आता मोजायचं कसं ते. पेशंटला सांगून मोजलं की तो मुद्दाम सावकाश श्वास घेतो. आम्हाला शिकताना आमच्या ट्यूटर मॅडमनी सांगितलं होतं: नाडी मोजून झाली की हात सोडू नका. मनगट तसंच धरून ठेवा, पेशंटला वाटेल अजून नाडीच बघतायत, आणि नजर छातीवर न्या. चादरीखालून दिसत नसेल तर हात पोटावर आडवा ठेवून त्यावरच मनगट धरा, म्हणजे हात वर-खाली होताना दिसतो. हे मला अजून आठवतं. पण नव्या मुलींना कुणी दाखवत नाही. मी दाखवायला हवं होतं, मीही दाखवलं नाही.

डॉक्टरांच्या व्याख्यानांना आम्हाला बोलावत नाहीत. आमचे वेगळे कार्यक्रम असतात, डॉक्टरांचे वेगळे. पेशंट मात्र एकच असतो.

---

आरएमओ_कोल्हापूर

सिस्टर, तुमच्या शेवटच्या ओळीला माझंही अनुमोदन.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर. सहा वर्षं रात्रीचा आरएमओ. आमच्यासारख्यांनी काय करावं आणि काय करू नये यावर बरेच वाद आहेत, त्यात इथे शिरत नाही. पण महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या खाजगी रुग्णालयांत रात्री दोन वाजता खाटेजवळ जो माणूस उभा असतो, तो बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस (होमिओपॅथीचा) असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्याला शिकवायचं कुणाच्या यादीतच नाही.

मी जे शिकलो ते शिव्या खाऊन. एक उदाहरण देतो. शुगरचा पेशंट असला की फोनवर ऑर्डर मिळते, ‘स्लायडिंग स्केल चालू ठेव’. म्हणजे जेवणाआधी शुगर बघायची आणि आकड्याप्रमाणे इन्सुलिन टोचायचं. तीन वर्षं मी हेच करत होतो. शुगर रात्री ३२० आणि पहाटे ६०, असं झोपाळ्यासारखं व्हायचं. एक नवीन फिजिशियन मॅडम आल्या. त्यांनी मला रात्री साडेअकराला खुर्चीत बसवून कागदावर आलेख काढून दाखवला: हे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, हे जेवणाचं, आणि हे वरचं दुरुस्तीचं. तू फक्त दुरुस्ती करत बसलायस, पाया घातलाच नाहीस. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांनी माझ्या पेशंटच्या शुगर सुधारल्या. मला त्याचं प्रमाणपत्र नको आहे, पण अशी वीस मिनिटं महिन्यातून दोनदा तरी मिळावीत.

आणि फोनवर मला काय सांगायचं हेही कुणी शिकवलं नव्हतं. ‘सर, पेशंट जरा डल वाटतोय’ एवढंच सांगायचो. समोरून ‘बघ जरा, सलाईन वाढव’. दोघांचंही बोलणं अर्धवट.

---

विदर्भातला_मास्तर

मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. या विषयावर बरंच वाचलंय, त्यातलं थोडं इथे मांडतो, कारण वरच्या अनुभवांना त्याचा आधार आहे.

१९९९ साली डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांवरचे प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष सरळ होता: नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांचं वागणं बदलत नाही. हाताने करून पाहायला, चर्चा करायला, स्वतःची केस मांडायला जागा असेल तर बदलतं. पुढे कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये शैक्षणिक सभांचा आढावा घेतला, तेव्हा अपेक्षित बदलात सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास भर दिसली. शून्य नाही, पण थोडीच.

दुसरा अभ्यास थेट आपल्या विषयाचा आहे. अमेरिकेत फक्त भरती पेशंट सांभाळणाऱ्या डॉक्टरांना हॉस्पिटलिस्ट म्हणतात. हा शब्द वॉक्टर आणि गोल्डमन यांनी १९९६ च्या लेखात रूढ केला. अशा डॉक्टरांच्या हाताखालच्या ६५ वर्षांवरील पेशंटच्या सात लाखांहून जास्त भरत्यांचा अभ्यास २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तीस दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण चाळिशीच्या आतल्या डॉक्टरांकडे १०.८ टक्के, तर साठीच्या वरच्यांकडे १२.१ टक्के. मी स्वतः एकोणसाठचा आहे, त्यामुळे हे वाचून बसलोच. पण त्यातच पुढे एक ओळ आहे, ती मी माझ्या रेसिडेंटना (शिकाऊ डॉक्टरांना) दरवर्षी वाचून दाखवतो: जे डॉक्टर सतत पुष्कळ भरती पेशंट पाहत होते, त्यांच्यात वयाचा हा फरक दिसलाच नाही. खाटेपाशी हात चालू राहिला की ज्ञान गंजत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यावरून फरक कशामुळे पडला हे सिद्ध होत नाही, हे खरं.

आरएमओ डॉक्टर, तुम्ही म्हणता तो फोनवरच्या बोलण्याचा मुद्दा तर मोजूनच झालाय. नऊ रुग्णालयांतल्या रेसिडेंटना ड्यूटी सोपवताना काय सांगायचं याचा ठरलेला क्रम शिकवला. पेशंट किती आजारी, थोडक्यात काय झालंय, काय करायचं बाकी, बिघडला तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते परत सांगायचं. २०१४ मध्ये निकाल आला: चुका २३ टक्क्यांनी कमी, टाळता येणारी इजा ३० टक्क्यांनी कमी. कुठलंही नवीन औषध नाही. नुसतं बोलायचं कसं, एवढंच.

आणि स्लायडिंग स्केलबद्दल तुमच्या मॅडम बरोबर आहेत. भरती पेशंटमध्ये निव्वळ तेवढ्यावर अवलंबून राहू नये, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही सांगते.

---

जुना_सर्जन

धागा वाचला. काही गोष्टी पटल्या, काही नाही. मी चाळीस वर्षं सर्जरी करतोय, आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) शाखेत पदं सांभाळलीत, सीएमई भरवण्यात हाडं झिजवलीत. त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझं कर्तव्य आहे.

तालुक्यातला एकटा डॉक्टर वर्षभर दुसऱ्या डॉक्टरला भेटत नाही. रविवारी दोन तास गाडी चालवून तो व्याख्यानाला येतो. व्याख्यानात तो काय शिकतो त्याहून चहाच्या वेळी ‘अरे, तुझ्याकडे असा पेशंट आला तर तू काय करतोस’ हे विचारतो, ते मोलाचं असतं. ते टक्केवारीत कसं धरणार?

आणि वॉर्डातलं ज्ञान वॉर्डातच राहिलं तर उपयोग काय? महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण घ्या. कोकणात लाल विंचू चावून पोरं जायची. विष अंगात भिनलं की शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी ग्रामीण रुग्णालयात पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून बीपी, नाडी, श्वास लिहून काढले आणि प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरून बघितली. पोरं वाचायला लागली. पण ते तिथेच थांबले नाहीत. लॅन्सेटला लिहिलं, गावोगावी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. मी स्वतः अशाच एका सभेत ऐकलं आणि पुढच्याच पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ती गोळी दिली. तो मुलगा आज एसटीत कंडक्टर आहे. ती सभा झाली नसती तर?

पैशांचंही बोलतो. औषध कंपनीकडून डॉक्टरांनी भेटी आणि प्रवास घेऊ नये हा नियम २००९ सालापासून आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राची नवी संहिता आली, कंपन्यांनी परदेशात सीएमई भरवू नयेत असं त्यात स्पष्ट आहे. मला हे मान्य आहे. पण शाखेकडे पैसा नाही. हॉल, प्रोजेक्टर, बाहेरच्या वक्त्याची सोय कुठून करायची? टीका करणं सोपं आहे.

---

वॉर्डातला (धागाकर्ता)

सर, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. विशेषतः बावस्कर सरांचं उदाहरण. पण तेच उदाहरण मला माझ्या बाजूनेही दिसतं. बावस्करांना जे सापडलं ते उशाशी बसून, मोजून, लिहून सापडलं. सभा नंतर झाली. आपण आता सभा ठेवलीय आणि उशाशी बसणं सोडलंय. मला सभा बंद करायची नाही. मला त्या ३० तासांतले काही तास खाटेपाशी न्यायचे आहेत.

आणि खर्चाचं म्हणाल तर श्वास मोजायला हॉल लागत नाही.

---

लीड्सकर

इथलं सांगतो, इथे सगळं छान आहे असं मात्र मानू नका. रॉयल कॉलेज आमच्याकडून वर्षाला ५० क्रेडिट (शिक्षणाचे गुण), पाच वर्षांत २५० मागतं. डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी डॉक्टरांचं पुनर्प्रमाणीकरण होतं. त्यासाठी दरवर्षी एका सहकाऱ्यासमोर बसावं लागतं आणि त्यात नुसती प्रमाणपत्रं चालत नाहीत. या वर्षी कुठली केस बिघडली, त्यातून काय शिकलात, काय बदललंत, हे लिहावं लागतं. कंटाळवाणं वाटतं, कधीकधी उरकलंही जातं. पण लिहायला बसलं की एखादी केस मनात वर येतेच.

माझ्या वॉर्डात दर गुरुवारी मृत्यूंची बैठक असते. नर्स, फार्मसिस्ट, ज्युनियर, सगळे. पहिला नियम: ‘कोणी केलं’ विचारायचं नाही, ‘कसं झालं’ विचारायचं. पहिल्या वर्षी मी त्या खोलीत घामाघूम व्हायचो. आपल्याकडच्या राउंडची सवय होती ना, केस चुकली की सगळ्यांसमोर उभं करून हजेरी.

---

गोदाकाठची

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ‘कसं झालं’ची बैठक आपल्याकडे नाही असं नाही. मातामृत्यू झाला की जिल्हा पातळीवर त्याचं अन्वेषण होतं. घरातून कधी निघाली, गाडी कधी मिळाली, रक्त कधी मिळालं, कुठल्या दवाखान्यात किती वेळ गेला, तासातासाचा हिशेब. मी अशा बैठकीत बसलेय. जड असतं, पण त्या दिवशी जे शिकते ते विसरत नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव डोळ्यांनी अंदाजे सांगायचा नाही, मोजायचा, हे माझ्या हाडात बसलं ते अशाच एका फाईलमुळे.

ताप, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), न्यूमोनियाने वॉर्डात गेलेल्या माणसाची अशी फाईल लहान खाजगी रुग्णालयांत क्वचितच उघडते. बिल होतं, दाखला होतो, फाईल कपाटात जाते.

---

विदर्भातला_मास्तर

गोदाकाठची मॅडम, अगदी.

करोनाचा एक प्रसंग इथे नोंदवावासा वाटतो. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी प्रयोगाचा निकाल आला: डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या. आठवड्याभरात व्हॉट्सॲपवरून गावागावातल्या डॉक्टरांना माहीत झालं. वैद्यकातली बातमी इतक्या वेगाने पसरलेली मी कधी पाहिली नव्हती. पण त्याच निकालात दुसरं वाक्य होतं: ऑक्सिजन लागत नसलेल्यांना फायदा नाही. ते वाक्य मागे राहिलं. घरी असलेल्या, नुसत्या तापाच्या, शुगर असलेल्या लोकांना स्टेरॉइड सुरू झाली, जास्त डोसमध्ये, जास्त दिवस. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) वॉर्डात जबडे आणि डोळे काढलेले पेशंट पाहिले, त्यातल्या कित्येकांच्या हकिकतीत हेच होतं. कारणं इतरही होती, पण हे एक ठळक होतं.

औषधाचं नाव फोनवर शिकता येतं. कुणाला आणि केव्हा द्यायचं, ते पेशंट समोर ठेवूनच शिकावं लागतं.

---

अनघा_ठाणे

आम्हा नातेवाइकांनी काय करावं? विचारलं तर डॉक्टरांना राग येतो, हा अनुभव आहे.

---

रातपाळी

अनघाताई, राग आला तरी विचारा. ‘मागच्या वेळेपेक्षा आत्ता वेगळं वाटतंय’ हे शब्द वापरा. तुम्ही चोवीस तास त्यांच्याजवळ असता, आम्ही पाच मिनिटं असतो. पेशंट बोलताना वाक्य मध्येच तोडतोय, नेहमीसारखा बोलत नाहीये, उगाच चिडतोय, लघवी कमी झालीय, हे तुम्हाला आमच्याआधी कळतं. आणि सिस्टरला गोड शब्दांत म्हणा, ‘ताई, जरा श्वास मोजता का?’ मी तरी लगेच मोजेन.

---

वॉर्डातला (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत येतोय. काय केलं ते सांगतो.

आमच्याकडे मंगळवारी दुपारी दीडला ओपीडी संपते. तेव्हा वरच्या मजल्यावर सिस्टरांच्या खोलीत अर्धा तास बसायचं ठरवलं. डॉक्टर, आरएमओ, सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉयसुद्धा. दर वेळी एक फाईल.

पहिल्या मंगळवारी फाईल उघडलीच नाही. रातपाळी सिस्टरांची मनगट धरून ठेवायची युक्ती सगळ्यांना दाखवली आणि प्रत्येकाने शेजारच्याचा श्वास मोजला. पूर्ण मिनिट. आरएमओचा १४, इनचार्ज सिस्टरांचा १६, वॉर्डबॉय जिना चढून आला होता त्याचा २४, माझा १७. त्या खोलीत अकरा माणसं होती, एकाचाही २० नव्हता. सगळे गप्प झाले. मग इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘सर, मग आपण इतकी वर्षं लिहीत काय होतो?’

दुसऱ्या मंगळवारी मावशींची फाईल. मी स्वतः मांडली. चार वाजता मी काय वाचलं, काय वाचलं नाही, अँटिबायोटिकला साडेतीन तास का लागले. तोवर मला वाटत होतं उशीर मेडिकलमुळे झाला. ब्रदरने सांगितलं की पहिला डोस वॉर्डातच ठेवायला आम्ही कितीदा मागितलंय, पण मॅनेजमेंटने नाही म्हटलं. मला हे माहीतच नव्हतं. आता दोन अँटिबायोटिकचे पहिले डोस वॉर्डातल्या कपाटात आहेत.

तिसऱ्या मंगळवारी आरएमओंनी एकमेकांना खोटे फोन केले. ‘सर, सहा नंबर, बासष्ट वर्षं, न्यूमोनिया, सकाळी श्वास २२ होता, आता २८, बेरीज ८, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.’ शेवटचं वाक्य म्हणायला सगळ्यांनाच अवघड जात होतं. दहा वेळा म्हणून घेतलं.

चार्ट आता वेगळे दिसतात. १६, १८, २६, १४. परवा पहाटे सव्वातीनला फोन आला, अगदी वरच्याच क्रमाने सांगितलेला. मी उठून गेलो.

अजून पुष्कळ अडचणी आहेत. रात्रीच्या ड्यूटीचा स्टाफ दुपारी झोपलेला असतो, त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही. दोन सिस्टर याच महिन्यात सोडून जातायत, नव्यांना परत पहिल्यापासून सांगावं लागेल. आणि या अर्ध्या तासाला क्रेडिट नाही.

---

जुना_सर्जन

क्रेडिटचं माझ्याकडे द्या. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत अर्ज केला तर बघता येईल. विषय, वक्ता, वेळ, हजेरी, सगळं कागदावर लागेल. तुमचा अर्धा तास नियमात बसेल का सांगता येत नाही, पण चार-पाच रुग्णालयांनी मिळून महिन्यातून एकदा दोन तास केस मांडायच्या ठरवल्या तर शाखेच्या नावाने अर्ज मी लिहितो. सिस्टरांनाही बोलवायचं. तो मुद्दा मला रातपाळी यांचं लिखाण वाचून पटला.

आणखी एक. मी कऱ्हाडला असतो, तुमच्यापासून तासाभरावर. एखाद्या मंगळवारी आलो तर चालेल का? एक फाईल आणायची आहे. आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेलेला पेशंट, २०११ सालचा. घरी ठेवलीय, कुणासमोर उघडली नाही. काल काढून बघितली. तिसऱ्या दिवसाचा चार्ट आहे तिच्यात.

---

वॉर्डातला (धागाकर्ता)

या सर. येत्या मंगळवारी, दीड वाजता. जिना चढून उजवीकडे, सिस्टरांची खोली.